भार्गवी दावर यांच्याशी भांडण चालू ठेवायला हवं

पुण्यात कुणी मोठं माणूस गेलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आठवणी, पंधरवड्याच्या आत श्रद्धांजली सभा, वर्षभरात स्मृतिपुरस्कार आणि नगरसेवक ओळखीचा असेल तर एखाद्या चौकाला नाव. (मार्च 2022 नंतर बराच काळ महापालिकेत नगरसेवकच नव्हते, त्यामुळे चौकांची तेवढी पंचाईत झाली.) सभेत निम्मे वक्ते 'आमचे मतभेद होते, पण मनभेद नव्हते' असं म्हणतात. मतभेद नेमके कशावरून होते, हे मात्र कुणी सांगत नाही. ते शिष्टाचारात बसत नाही. मग त्या माणसानं आयुष्यभर जो मुद्दा लावून धरला, तोही त्याच्याबरोबर वैकुंठात जातो.

मे 2024 मध्ये भार्गवी दावर गेल्या. मानसिक आरोग्याबद्दल त्यांच्याइतकं अडचणीचं बोलणारं माणूस या शहरात दुसरं मला माहीत नाही. त्यांचं कौतुक करणं सोपं होतं, त्यांच्याशी सहमत होणं अवघड. मला स्वतःला त्यांची काही मतं आजही पटत नाहीत. पण त्यांचा सन्मान करायचा तर त्यांनी उकरून काढलेलं भांडण पुण्यानं पुढे चालवलं पाहिजे, पुरस्कार वगैरे नंतर बघता येईल, असं माझं म्हणणं आहे.

दावर डॉक्टर नव्हत्या. मुंबईच्या आयआयटीत त्यांनी मनाच्या आणि वर्तनाच्या शास्त्रांचा तात्त्विक पाया तपासणारं संशोधन करून पीएच.डी. घेतली. पण मनोरुग्णालयाशी त्यांची ओळख पुस्तकांतून झालेली नव्हती. आईच्या आजारपणामुळे लहान वयातच त्यांनी ती जागा आतून पाहिली, आणि पुढे स्वतःची ओळख करून देताना त्या 'लहानपणी मनोरुग्णालयांतून तावून सुलाखून बाहेर पडलेली' अशा अर्थाचीच करून देत. 1999 मध्ये त्यांनी पुण्यात संस्था काढली, तिला आईचं नाव दिलं: बापू ट्रस्ट. त्याच वर्षी भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. पुढे त्या आशिया-पॅसिफिक पातळीवरच्या चळवळीत गेल्या, संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांत बोलल्या, आणि तिकडे बोलतानाही हातातली उदाहरणं पुण्याच्या वस्त्यांमधली असायची.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. माणसाला मनाचा त्रास आहे, एवढ्या कारणावरून त्याचं स्वातंत्र्य काढून घेता येणार नाही. कायदा कितीही मायाळू भाषेत लिहिलेला असो, 'तुझ्या भल्यासाठी' म्हणत माणसाला बंद दाराआड ठेवण्याची सोय त्यात असेल, तर तो 1912 च्या वेड्यांच्या कायद्याचाच वंशज आहे. इंग्रजांनी आपल्याला तुरुंग दिले तशीच वेड्यांची इस्पितळं दिली. येरवड्यात तर दोन्ही जवळजवळच आहेत.

आता गंमत बघा. ज्या 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यावर दावर तुटून पडत, त्याच्या घडणीतला मोठा हातही पुण्याचाच. विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या इंडियन लॉ सोसायटीचं मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्र आणि तिथले डॉ. सौमित्र पठारे यांचा या कायद्याच्या मसुद्यात महत्त्वाचा वाटा होता. म्हणजे देशाचा कायदा ज्या शहरात आकाराला आला, त्याच शहरात त्याची सर्वांत कडक टीकाकार राहत होती. दुसऱ्या एखाद्या शहरानं यावर जाहीर वाद ठेवले असते, पुस्तिका काढल्या असत्या. आपण वसंत व्याख्यानमालेचं शहर म्हणवतो, नाट्यगृहात पार्किंग मिळत नाही यावर पत्रं लिहितो, पण या वादाचा पत्ता शहराला नीट लागलाच नाही. तज्ज्ञांच्या परिसंवादात तो चालला आणि तिथेच राहिला.

कायद्याची बाजू आधी मांडते, कारण ती भक्कम आहे. 29 मे 2018 पासून अमलात आलेल्या या कायद्यानं मानसिक आरोग्यसेवा हा हक्क ठरवला. आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत, हे शुद्धीत असताना लिहून ठेवण्याची सोय दिली. आपल्या वतीनं कोण बोलणार, ते माणूस निवडण्याचा अधिकार दिला. विमा कंपन्यांना सांगितलं की शरीराच्या आजाराला जे संरक्षण देता तेच मनाच्या आजाराला द्या. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरून त्याला खटल्यातून वाचवलं. भूल न देता विजेचे झटके देणं बंद, साखळीनं बांधणं बंद, उपचार म्हणून नसबंदी करणं बंद. यातल्या कितीतरी गोष्टींसाठी दावर आणि त्यांच्यासारखे लोक आधीपासून ओरडत होते. म्हणजे कायदा त्यांच्या विरोधात गेला, असं म्हणणं अर्धवट ठरेल.

वाद येतो तो कलम 89 पाशी. निर्णय घ्यायला ज्याला खूपच आधाराची गरज आहे आणि ज्याच्यापासून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता आहे, अशा माणसाला त्यानं स्वतः निवडलेल्या किंवा त्याच्यासाठी नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून, दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, 30 दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं. स्त्री किंवा अल्पवयीन असेल तर तीन दिवसांत आणि इतरांच्या बाबतीत सात दिवसांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवायचं. त्यापुढेही ठेवायचं असेल तर पुढच्या कलमाखाली 90, मग 120, मग 180 दिवस. कागदावर ही चौकट काळजीपूर्वक आखलेली आहे. दावर म्हणत, चौकट किती सुबक आहे हा प्रश्नच नाही. अपंगांच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार भारतानं 2007 मध्ये मान्य केला, तो म्हणतो की अपंगत्व हे स्वातंत्र्य हिरावण्याचं कारण होऊच शकत नाही. मग हे कलम आलं कुठून?

इथे मी त्यांच्याबरोबर थांबते, आणि मला वेगळीकडे वळावंसं वाटतं. त्याचं कारण मी पाहिलेली घरं.

धनकवडीत, वडगावात, हडपसरला, कुठेही चला. दोन खोल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा मुलगा, गोळ्या बंद करून दीड महिना झालेला. तीन रात्री त्याला झोप नाही. टीव्हीची वायर त्यानं ओढून काढली आहे, कारण त्यातून शेजारचे त्याचं बोलणं ऐकतात. आईनं घरातल्या दोन्ही सुऱ्या आणि विळी पंच्यात गुंडाळून तांदळाच्या डब्यामागे ठेवल्या आहेत. वडील दाराला पाठ लावून बसलेत, कारण परवा तो चप्पल न घालता कात्रज घाटाच्या दिशेनं चालत सुटला होता. चौकीत फोन केला तर उत्तर येतं, 'काकू, घरचं प्रकरण आहे, आम्ही काय करणार? डॉक्टरांना दाखवा.' तो डॉक्टरकडे येत नाही, हाच तर प्रश्न आहे. शेवटी कुणीतरी एक नंबर देतं. गाडी येते, चौघे उतरतात, पोराला धरून नेतात, आणि महिन्याचं बिल किती होणार ते गाडी सुटायच्या आत सांगतात. त्या आईपुढे आंतरराष्ट्रीय कराराचं कलम ठेवायचं धाडस माझ्यात नाही.

कुटुंबांची ही बाजू पुण्यात कुणी मांडलीच नाही असंही नाही. धुळ्याहून कॅनडात जाऊन प्राध्यापक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. त्यांच्या पुढाकारानं पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी राहिली आणि 'देवराई' चित्रपटही निघाला. घरच्या माणसाला काय भोगावं लागतं, हे मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा तिथून कळलं. ही मंडळी बळजबरीच्या प्रेमात नव्हती. त्यांना झोप हवी होती, आणि आपल्या पश्चात याला कोण बघणार याचं उत्तर हवं होतं. साठी उलटलेल्या कुठल्याही पालकाला विचारा, बाकी सगळे प्रश्न त्या एका प्रश्नापुढे गप्प होतात.

तेव्हा सक्तीचं दाखल करणं आजच्या आज शून्यावर आणा, हे मला पटत नाही. इटलीनं 1978 मध्ये कायदा करून मनोरुग्णालयं बंद करायला घेतली. त्रिएस्ते शहरानं वस्तीत चोवीस तास उघडी असणारी केंद्रं उभी केली आणि जगभरचे लोक ती बघायला जातात. त्या इटलीतही महापौराच्या आदेशानं सात दिवसांचे सक्तीचे उपचार करण्याची तरतूद राहिलीच. मुदत वाढवायची तर पुन्हा आदेश लागतो. सक्ती थोडी, थोड्या दिवसांची, आणि दर वेळी कुणालातरी जाब द्यायला लावणारी. हे मला समजतं.

पण मग दावर यांच्या म्हणण्यातलं काय उरतं? माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं तेच उरतं. त्या घरातली ती रात्र एका रात्रीत आलेली नसते. दीड महिन्यापूर्वी त्यानं गोळ्या का सोडल्या, हे कुणी विचारलं? अंग जड होतं, तोंडातून लाळ गळते, गोडाऊनच्या कामावर डुलकी लागते म्हणून मुकादमानं काढून टाकलं. हे सगळं त्यानं सांगितलं असेल तर कुणाला? सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी केसपेपरची रांग, मग खोलीबाहेरचा बाक, मग आत तीन मिनिटं. 'गोळ्या चालू आहेत ना? झोप लागते ना? भूक? बरं. पंधरा दिवसांनी या.' हे डॉक्टरांवरचं दोषारोपण नव्हे. बाहेर सत्तर माणसं बसलेली असताना देवमाणूसही एवढंच विचारेल. मुद्दा एवढाच, की पहिल्या दिवसापासून त्या रात्रीपर्यंत व्यवस्थेनं त्या मुलाला दिलं काय, तर गोळ्या आणि पुढची तारीख. आणि शेवटी एकदम चौघे आणि गाडी. मधलं काहीच नाही. दावर यांचं काम या मधल्या जागेत होतं.

बापू ट्रस्टचा 'सेहर' हा उपक्रम पुण्याच्या गरीब वस्त्यांमध्ये चालला. त्यात माणसाला आधी निदानाची चिठ्ठी चिकटवायची नाही, असा बाणा होता. घरी जायचं, बोलायचं, जेवतो का नाही ते बघायचं, चित्रं, श्वास, हालचाल यांतून त्याला मोकळं करायचं, रेशनकार्डाची किंवा अपंगत्वाच्या दाखल्याची अडचण असेल तर ती सोडवायची, आणि शेजारपाजारची दोन-तीन माणसं त्याच्याभोवती उभी करायची. ऐकायला हे अगदीच साधं वाटतं, आणि आमच्यासारख्या शिकलेल्या लोकांना साध्या गोष्टी शास्त्रीय वाटत नाहीत. पण ज्या वस्तीत सकाळी नळाला पाणी आल्यावर सगळ्या बायका एका जागी येतात, तिथे 'सुनंदा तीन दिवस पाण्याला आली नाही' ही बातमी कुठल्याही प्रश्नावलीच्या आधी कळते. 'सेहर'ची ताई तिच्या दारात जाऊन ओट्यावर बसते. 'काय गं, बरं नाही का?' तिथून सुरुवात होते. (सुनंदा हे नाव मी ठेवलेलं, पण वस्तीत काम केलेल्या कुणालाही ही सुनंदा भेटलेली असेल.)

बायकांबद्दलचा त्यांचा मुद्दा तर मला संपूर्ण मान्य आहे. तीव्र मानसिक आजारांत स्त्री-पुरुषांचं प्रमाण फार वेगळं नसतं. नैराश्य आणि चिंता यांत मात्र बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीच्या आसपास जातं. दावर यांनी 1999 मध्येच विचारलं होतं की बायकांचा हा जास्तीचा त्रास जर घरातून, मारहाणीतून, कष्टातून येत असेल, तर आपली सगळी यंत्रणा मोजक्या तीव्र आजारांच्या खाटांभोवती का बांधलेली? त्यातही बाईचं वेडेपण कायद्याला फार सोयीचं पडत आलं आहे. हिंदू विवाह कायद्यात जोडीदार मनोविकल असणं हे घटस्फोटाचं कारण आहे. ते दोघांनाही लागू आहे, पण नवऱ्याच्या फायलीत बायकोच्या गोळ्यांची चिठ्ठी जोडलेली असते तेव्हा तिचा काय उपयोग करायचा आहे, हे कुटुंब न्यायालयाच्या व्हरांड्यात बसणाऱ्या प्रत्येक वकिलाला माहीत असतं. नैराश्याची गोळी घेणारी बाई म्हणूनच ती चिठ्ठी ब्लाउजच्या घडीत लपवते.

आणि पुण्यानं स्वतःच्याच जिल्ह्यातलं 1994 विसरू नये. त्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण काय, तर पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, आणि गर्भ राहण्याची भीती. कुणी म्हणालं, त्यांच्या भल्यासाठीच केलं. स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. मतिमंदत्व आणि मानसिक आजार या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊक आहे. पण 'तिला काय कळतंय, आम्हीच ठरवतो' हा सूर दोन्हीकडे एकच, आणि तो काढणारे राक्षस नव्हते, सुशिक्षित, कर्तव्यदक्ष अधिकारी होते. दावर सक्तीच्या कुठल्याही फटीकडे एवढ्या संशयानं का बघत, हे मला शिरूर आठवलं की समजतं.

जिथे मी त्यांच्यापासून सर्वांत लांब जाते ती जागा म्हणजे दर्गे आणि देवस्थानं. महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर मनाच्या जखमा घेऊन येणाऱ्या लोकांचा त्यांनी अभ्यास केला. तिथे बाईला घुमता येतं, रडता येतं, आठवडाभर घरापासून लांब राहता येतं, कुणी तिला वेडी म्हणत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते खोटं नाही. गुरुवारी किंवा अमावस्येला एखाद्या देवाच्या ठाण्यावर जाऊन पाहा; सासरी एक शब्द न बोलणारी सून तिथे सगळ्यांना फैलावर घेत असते, आणि सासू हात जोडून ऐकत असते. दवाखान्यात तिला एवढा मान कधीच मिळाला नसता.

पण याच पुण्यात 20 ऑगस्ट 2013 ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चटके, साखळदंड हे त्यांनी आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं गावोगाव बघितलं होतं. जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या मरणानंतर आला. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली आणि 28 माणसं साखळीला बांधलेल्या अवस्थेत जळाली, तेही एका दर्ग्याच्या आसऱ्यानं उगवलेलं खासगी आश्रयस्थानच होतं. तेव्हा या एका बाबतीत मी अंनिसच्या बाजूची. दर्ग्यावर बाईला जे मिळतं ते खरं असेल, तर ते तिला देवाच्या नावाशिवाय तिच्या गल्लीत मिळालं पाहिजे. दावर असत्या तर यावर मला दोन शब्द ऐकावे लागले असते. दवाखान्यातही लोक श्रद्धेनंच जातात आणि तिथेही बांधतातच की, असं काहीतरी. त्यालाही माझ्याकडे चोख उत्तर नाही.

दाभोलकरांचं उदाहरण आणखी एका कारणानं आठवतं. त्यांच्या माणसांनी वर्षानुवर्षं दर 20 तारखेला त्या पुलावर जमून तपासाचं काय झालं, हे विचारलं. पुण्यात स्मृती जागवण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही. डॉ. अनिता अवचटांचीही तीच गोष्ट, फक्त आवाज न करता झालेली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करताना त्यांनी आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या मदतीनं, 'मुक्तांगण' सुरू केलं, तेही त्याच आवारात. ज्या भिंतींआड माणसं टाकून दिली जात, तिथेच बरे झालेले व्यसनी नव्यांना सांभाळू लागले. 1997 मध्ये अनिताताई गेल्या. त्यांचं स्मारक म्हणजे मुक्तांगणातली चालू असलेली रोजची दिनचर्या.

दावर यांच्या बाबतीत असं चालू ठेवण्यासारखं काय आहे, ते येरवड्यातच सापडेल. अडीच हजारांहून जास्त खाटांची मंजूर क्षमता असलेलं हे रुग्णालय आशियातल्या मोठ्या मनोरुग्णालयांत मोजलं जातं. आपल्यापैकी कितीतरी जण हे जरा अभिमानानंच सांगतात. मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांच्या याचिकेवर उच्च न्यायालयापुढे आलं की ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांत मिळून चारशेहून अधिक माणसं दहा वर्षांपेक्षा जास्त काळ राहत आहेत, आणि त्यांतली बरीच बाहेर जाण्याजोगी आहेत. त्यांना न्यायला कुणी येत नाही. पत्ता बदललेला, भावानं खोलीची भिंत पाडून सलग हॉल केलेला, वहिनी म्हणते मुलीचं लग्न व्हायचंय. त्याआधी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्र सरकारला खडसावलं होतं, की बरी झालेली माणसं भिक्षेकरी गृहात आणि वृद्धाश्रमात हलवून आकडे साफ करणं थांबवा. कायदा म्हणतो, अर्ध्या वाटेवरची घरं (रुग्णालय आणि घर यांच्या मधली राहण्याची सोय) बांधा, आधाराची निवासस्थानं द्या; केवळ घर नाही म्हणून माणसाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. हे कलम 89 इतकंच कायद्याचं कलम आहे. एक कलम रोज वापरलं जातं, दुसरं न्यायालयानं कान धरल्याशिवाय हलत नाही. दावर यांची भीती नेमकी हीच होती, की आत नेण्याची वाट सरकार नीट बांधेल, बाहेर येण्याची बांधणार नाही.

पैशाचंही तेच. केंद्राच्या आरोग्याच्या तरतुदीत मानसिक आरोग्याचा थेट वाटा जेमतेम एक टक्क्याच्या आसपास, आणि त्यातला बराचसा बंगळूर आणि तेजपूरच्या दोन संस्थांकडे जातो. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून आहे, पण तुमच्या जिल्ह्यात तो कुठे बसतो असं विचारलं तर दहांतले नऊ लोक खांदे उडवतील. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यं घेतली, दहांतल्या एका प्रौढाला मनाचा आजार आहे असं निघालं, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे आपण किती आजारी आहोत हेही आपण दुसऱ्यांच्या आकड्यांवरून सांगतो.

तेव्हा स्मृतिव्याख्यान नको. महापालिकेचे दवाखाने पेठांपासून वस्त्यांपर्यंत पसरलेले आहेत. त्यांतल्या दहा दवाखान्यांच्या परिसरात 'सेहर'च्या धर्तीवर वस्तीतल्याच चार-चार बायका पगारावर नेमा, मानधनावर नको. दोन वर्षं चालवा. तिथून सक्तीनं दाखल होणाऱ्यांची संख्या खाली येते का ते मोजा, आणि शेजारच्या दहा दवाखान्यांशी ताडून बघा. दावर यांचं म्हणणं खरं असेल तर आकड्यात दिसेल. नसेल तर तेही दिसेल, आणि त्यांच्या विरोधकांना ते जाहीर सांगता येईल. बायकांची भरती आणि पगार याला फार पैसे लागत नाहीत. एखाद्या रस्त्याचं पदपथ-सुशोभीकरण एक वर्ष पुढे ढकललं तरी पुरेल.

आणि वर्षातून एकदा जाहीर वाद ठेवा. व्यासपीठावर मनोरुग्णालयात राहून आलेलं एक माणूस, एक आई किंवा वडील, एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि आरोग्य खात्याचा एक अधिकारी. पहिलं बोलायचं ते राहून आलेल्या माणसानं, आणि घंटा वाजवून त्याला थांबवायचं नाही. प्रास्ताविक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ यांतलं काही नको, त्यात पाऊण तास जातो. पहिल्या वर्षाचा विषय मी सुचवते: पुणे जिल्ह्यात गेल्या बारा महिन्यांत कलम 89 आणि 90 खाली किती माणसं दाखल झाली, त्यांत बायका किती, मंडळानं त्यांतल्या किती जणांना प्रत्यक्ष भेटून विचारलं, आणि किती जण घरी गेले. हे आकडे खात्यानं सभेच्या आठ दिवस आधी जाहीर करायचे, म्हणजे सगळ्यांना तयारीनं भांडता येईल.